धुरपाक्का आणि उघडे प्रोसेसर

मनीषाचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर करून वाकून आत शिरत होतो. "मामा, आई गेली," ती म्हणाली. "पहाटं... झोपेतच." मी तसाच पायरीवर बसलो. समोरून एमआयडीसीकडे निघालेल्या मोटरसायकली एकामागून एक जात होत्या, आणि मी त्या नुसत्या बघत राहिलो. खरं सांगायचं तर धक्का असा बसलाच नाही. अडीच वर्षं आठवड्यातून तीनदा लासुर्ण्याहून बारामतीला येऊन डायलिसिसच्या पलंगावर चार-चार तास पडून राहणाऱ्या बाईच्या जाण्याने कुणाला धक्का बसणार? मला फक्त फार थकल्यासारखं वाटलं. साठी ओलांडल्यावर हे असं होतं. माणूस गेल्याचं दुःख आधी अंगात उतरतं, डोळ्यांत नंतर.

धुरपाक्का म्हणजे द्रौपदीबाई. माझ्या नात्यागोत्याच्या नाहीत. माझ्या दुकानात कामाला होत्या, एवढंच कुणी विचारलं तर सांगता येईल. पण त्यांची मुलगी मला मामा म्हणते, आणि ते नातं कुणी जोडून दिलेलं नाही.

त्या जाण्याच्या दोन आठवडे आधी मी दवाखान्यात भेटायला गेलो होतो. हाताला नळ्या लावलेल्या, ओठ कोरडे, चेहरा सुकलेला. मी काहीतरी हवापाण्याचं बोलत होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मान किंचित वळवून त्या शेजारच्या मशीनकडे कान लावून होत्या. "संजूभाऊ, ह्येचा पंखा घासतोय," त्या हळूच म्हणाल्या. "आजच्याला भागतंय. पण सांगा कुनाला तरी." मी म्हटलं, "अक्का, तुम्ही आता तरी आराम करा." तर म्हणाल्या, "माझं न्हाय ओ... माझ्यामागं हितं दुसरं कुनी झोपंल की." मी जाऊन सिस्टरना सांगितलं. त्यांनी वहीत टिपून घेतलं. आमची तीच शेवटची भेट.

मी बारामतीत भिगवण रस्त्याला कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान टाकलं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. तेव्हा तयार कॉम्प्युटर कुणाला परवडत नसे. पुण्याहून सुटे भाग आणायचे, जोडायचे आणि द्यायचे. मी बीएस्सी झालेलो, पुण्यात वर्षभर शिकून आलेलो. गावात आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं ठाम वाटण्याचं ते वय होतं. दुकान सुरू होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा एका दुपारी हिरवं लुगडं नेसलेली, चाळिशीच्या आसपासची बाई दारात येऊन उभी राहिली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती बारा वर्षं तारांची वेटोळी गुंडाळायला आणि डाग लावायला होती. ते काम बंद झालं आणि सगळ्या बायकांना घरी पाठवलं. "डाग लावाया येतो," ती म्हणाली. "सोल्डर म्हनत्यात त्यो." शिक्षण सातवी. सासरच्यांची पूर्वी मेंढरं होती. ती जाऊन आता थोडा ऊस होता. मला डाग लावणारं कुणी नको होतं. खोकी फोडायला, झाडायला, धूळ पुसायला कुणीतरी हवं होतं. त्या म्हणाल्या, "त्ये बी करीन."

महिन्याभरात त्या मदरबोर्ड बसवायला लागल्या. मी शिकवलं असं म्हणणं खोटं होईल. मी काम करताना त्या शेजारी उभ्या राहून बघत. एकदा मी गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेलो आणि परत आलो तर बोर्ड पेटीत बसलेला. स्क्रू सगळे सारखे आवळलेले, तारा बाजूला बांधलेल्या. मी पुढचा बोर्ड त्यांच्याकडे सरकवला. पुढे हळूहळू सगळं काम त्यांच्याकडे गेलं. फक्त एक काम मी माझ्याकडे ठेवलं होतं, हीटसिंक बसवण्याचं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरचा प्रोसेसर फार तापतो. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा बसवतात आणि ठोकळ्यावर छोटा पंखा. ह्या ठोकळ्याला हीटसिंक म्हणतात. प्रोसेसर ज्या चौकटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि ठोकळा पोलादी पट्टीच्या क्लिपेने त्या सॉकेटला अडकवायचा असतो. पट्टी फार ताठ असते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यात घालून जोर लावून खाली दाबावं लागतं, तेव्हा ती खटकन बसते. हात निसटला तर ड्रायव्हर थेट बोर्डावर जातो. मला ती जोर लावण्याची आणि खटकन बसण्याची घमेंड होती. गिऱ्हाईक समोर असलं की मी ते मुद्दाम एका हाताने करून दाखवायचो. तोवरच्या प्रोसेसरांच्या डोक्यावर धातूचं जाड झाकण असायचं. कसाही दाबा, त्याला काही होत नसे.

१९९९ साल सरत आलं होतं. पुण्यात स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने इंदापूरच्या आपल्या जुन्या शाळेला सहा कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं. द्यायचे तर सगळ्यात नवीन, असा त्यांचा आग्रह. जोडायचं काम माझ्याकडे आलं. प्रोसेसरचे डबे उघडले आणि मी थबकलो. डोक्यावर झाकणच नव्हतं. हिरव्या पट्टीच्या मधोमध नखाएवढा काळसर, आरशासारखा चकचकीत तुकडा, उघडाच. त्याच्या कडा अगदी धारदार. आत जे काही असतं ते आता असं उघड्यावर आलं होतं. मी वाचलं होतं ह्याबद्दल, पण हातात पहिल्यांदाच येत होतं.

अक्का वाकून बघत म्हणाल्या, "भाऊ, ह्ये काचंवानी दिसतंय. डब्यात कागद हाय, चित्रं हायेत. आधी बघू का?"

मी म्हटलं, "अक्का, शेकडो बसवलेत मी."

उष्णता ठोकळ्यात उतरावी म्हणून मध्ये लावतात ती पेस्ट लावली, ठोकळा ठेवला, क्लिपेचं एक टोक अडकवलं आणि दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर घालून नेहमीसारखा जोर दिला. पण ह्या वेळी ठोकळ्याच्या खाली बसायला रुंद झाकण नव्हतं. मध्ये तेवढा छोटा तुकडा आणि चारी बाजूंनी पोकळी. ठोकळा एका बाजूला कलला. बारीकसा आवाज आला, तांदळातला खडा दाताखाली यावा तसा. क्लिप बसली. वीज दिली तर पंखा फिरत होता, पण पडदा काळाच. परत काढून पेस्ट पुसली. त्या चकचकीत तुकड्याचा एक कोपरा खसखशीच्या दाण्याएवढा उडाला होता. एवढासाच, पण त्याने सगळं संपलं होतं.

नेमके त्याच दुपारी शाळेचे मुख्याध्यापक देशमाने सर कामानिमित्त बारामतीत आले होते. ते दुकानात डोकावले. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "काय, कुठवर आलं? चार दिवसांनी कार्यक्रम आहे." टेबलावर तो मेलेला प्रोसेसर पडला होता. त्यांनी विचारलं, "हे काय?"

आजवर मी हे फारसं कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे सांगतो. मला उत्तर शोधावंही लागलं नाही. ते तोंडातून आपोआप आलं. "जरा गडबड झाली सर. आमच्या बाईंच्या हातून... कोपरा उडाला. मी पुण्याहून दुसरा मागवतो."

अक्का माझ्या मागेच उभ्या होत्या, हातात फडकं घेऊन. सर त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, "अहो, इतक्या नाजूक कामाला बाईंना कशाला लावता? बाकीच्या पाचांना त्यांचा हात लागू देऊ नका." मी म्हटलं, "हो सर." ते गेले. मी वळून बघितलं नाही. मागे जेवणाचा डबा पिशवीत ठेवल्याचा आवाज आला, मग पायऱ्या उतरल्याचा. साडेपाचची एसटी असायची अक्कांची. त्या दिवशी चारलाच गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी दुसरा प्रोसेसर बसवायला घेतला. ठोकळा ठेवला, क्लिप अडकवली, ड्रायव्हर घातला, आणि तिथेच अडलो. जोर देणार तोच कालचा तो आवाज कानात यायचा. तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा ड्रायव्हर काढून घेतला. पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, हा माल नवीन आहे, दुसरा यायला तीन आठवडे लागतील, आणि उरलेले मात्र सांभाळा. दुपारी मी दुकान बंद केलं आणि मोटरसायकल काढून लासुर्ण्याला गेलो.

त्यांचं घर गावाबाहेर, उसाच्या कडेला. अंगणात मनीषा पाचवीचं पुस्तक घेऊन बसली होती. अक्का पडवीत मांडी घालून बसलेल्या. मला वाटलं होतं, रडत असतील किंवा मला दारातूनच परत लावतील. बघतो तर त्यांच्या पुढ्यात आमच्या भंगारातला एक मेलेला मदरबोर्ड, कालचा तो कोपरा उडालेला प्रोसेसर, जादाचा एक हीटसिंक आणि दात घासायच्या पेस्टची ट्यूब. कधी पिशवीत घालून नेलं होतं, देव जाणे. त्यांनी मला बघितलं, पण उठल्या नाहीत. तुकड्यावर ठिपकाभर पांढरी पेस्ट लावली, ठोकळा ठेवला, क्लिप दाबली, परत काढली, आणि ठोकळा उलटा करून माझ्यापुढे धरला.

"बगा," म्हणाल्या. "ठसा निस्ता एका कडंला उमटलाय. म्हंजी त्यो वाकडा बसतोय. सकाळधरनं ईस येळा केलं. ड्रायव्हरनं कडंला दाबलं की ह्यो कलतोय. आन् कलला की सारा भार त्या एका कोपऱ्यावर."

मी उंबऱ्यावर बसलो. "अक्का, तुम्ही रागावलात ना?"

"व्हय. लई." त्या पेस्ट पुसत होत्या. "पर राग येगळा आन् काम येगळं. ह्ये का मोडलं, त्ये मला कळाया पायजे हुतं."

मग मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. माझा हात चालत नाही, तुम्ही चला, बाकीचे पाच तुम्हीच बसवा. त्यांनी ट्यूबचं टोपण लावलं. कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर रस्त्याने धडधडत गेला.

"येते," त्या म्हणाल्या. "पर हात लावू नगं म्हनल्यात त्ये सर. त्यास्नी खरं सांगा. माझ्यासमोर सांगा. सांगितलंसा की बसवते. न्हाईतर तुमचं तुमी बगा."

मी म्हटलं, "अक्का, शाळेचं काम जाईल माझं. नाव जाईल दुकानाचं."

"माझं गेलं की काल," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "मला तर दुकान बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी सगळं सामान जीपमध्ये घालून मी इंदापूरला निघालो. लासुर्ण्याच्या स्टँडवर अक्का उभ्या होत्या, पिशवी छातीशी धरून. शाळेच्या एका वर्गात बाकं बाजूला सारून टेबलं मांडली होती. देशमाने सर आले आणि अक्कांना बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी काही म्हणायच्या आत मी बोललो. काय शब्द वापरले ते आठवत नाही. पण कोपरा माझ्या हातून उडाला, बाईंच्या नाही, हे सांगितलं.

"म्हणजे परवा तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," सर म्हणाले.

"हो सर."

"आणि ह्या तिथेच उभ्या होत्या."

"हो."

सर अक्कांकडे वळले. "बाई, मग तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

अक्का त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "बोलले असते तर सर... तुमी कुनाचं खरं मानलं असतं?"

दारात उभा असलेला शिपाई हळूच बाजूला झाला. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. "खरं आहे," ते म्हणाले. मग कोपऱ्यातलं स्टूल स्वतः उचलून त्यांनी टेबलापाशी आणून ठेवलं. "बसा. मी इथंच बसतो. मला बघू द्या."

अक्कांनी पिशवीतून सायकलच्या जुन्या ट्यूबचे, नखाएवढे कापलेले तुकडे काढले. घासून घासून पातळ केलेले. हिरव्या पट्टीच्या चार कोपऱ्यांवर, त्या चकचकीत तुकड्यापासून लांब, एकेक ठेवला. "ह्ये निस्तं टेकाया हायेत," त्यांनी सरांना सांगितलं. "ठोकळा कलाया लागला तर ह्येच्यावर टेकंल, कोपऱ्यावर न्हाय. पर जाड नगंत. जाड झालं तर ठोकळा चिपेला शिवायचाच न्हाय, आन् मग ती तापून जळंल." बोर्ड पेटीबाहेर, सपाट टेबलावर, खाली जाड वर्तमानपत्र. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. ठोकळा दोन्ही हातांनी धरून वरून सरळ खाली उतरवला, न घासता, न हलवता. क्लिपेचं अवघड टोक आधी अडकवलं. मग डाव्या हाताचा तळवा ठोकळ्यावर मधोमध सपाट ठेवला आणि तो तिथून शेवटपर्यंत हलला नाही. उजव्या हाताने ड्रायव्हर सरळ खाली, तिरपा नाही. क्लिप बसली. खटकन आवाजसुद्धा आला नाही. मग त्यांनी, मला वेड लागायची पाळी आली तरी, ते सगळं परत सोडवलं आणि ठोकळ्याखालचा ठसा बघितला. पूर्ण चौकोन उमटला होता. पुसून, नवी पेस्ट लावून परत बसवलं.

चौथ्याच्या वेळी क्लिप अडली. माझ्या तोंडून निघालं, "थोडा जोर द्या अक्का." त्यांनी ड्रायव्हर काढून घेतला. "काय न्हाय. परत," म्हणाल्या, आणि सगळं उतरवून पहिल्यापासून सुरू केलं. सर दीड तास जागचे हलले नव्हते. पाचही झाले तेव्हा ऊन खिडकीतून उतरून फळ्याखाली आलं होतं. एकेकाला वीज दिली. पाचही पडदे उजळले. अक्कांनी तळवा उघडून बघितला. ठोकळ्याच्या पात्यांचे लाल वळ उठले होते. तो हात त्यांनी पदराखाली घेतला.

कार्यक्रम पाच कॉम्प्युटरांवर झाला. सरांनी भाषणात, हे कुणी जोडले, हे सांगताना माझ्या आधी द्रौपदीबाईंचं नाव घेतलं. माझं काम गेलं नाही. उलट त्या शाळेची पुढची सगळी कामं आली, आणि फोनवर सर विचारायचे, "बाई येणार आहेत ना?"

अक्का नंतर कित्येक वर्षं माझ्याकडे होत्या. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी माफी मागितली नाही. शाळेत जे बोललो तीच माफी, असं मी स्वतःला समजावत राहिलो. मग दिवस पालटले. प्रोसेसरांना परत झाकणं आली, तयार कॉम्प्युटर स्वस्त झाले, मग लॅपटॉप, मग मोबाइल. दुकान आकसलं. एक दिवस अक्काच म्हणाल्या, "आता हितं मला बसवाया काय न्हाय संजूभाऊ," आणि घरी जाऊन गावातल्या लोकांची मिक्सर, रेडिओ, चार्जर दुरुस्त करू लागल्या. मनीषा शिकली, मोठी झाली. मग किडन्या गेल्या...

दहाव्याला मी घाटावर उभा राहून आलो. पण घरी जायचा धीर झाला नाही. गेलो तो परवा, तीन आठवड्यांनी. मनीषाने चहा दिला. मी म्हटलं, आता हिला तरी सांगावं. म्हणून सुरुवात केली, "मनीषा, तुझ्या आईच्या बाबतीत माझ्याकडून एकदा फार..." ती मध्येच हसली. "इंदापूरच्या शाळेचं ना? आई नेहमी सांगायची. संजूभाऊंनी हेडमास्तरांसमोर माझ्यासाठी स्वतःची चूक कबूल केली, असा मालक कुणाला मिळतो, म्हणायची."

"आणि त्याच्या आधीचं?"

"आधीचं काय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. पंचवीस वर्षं अक्कांनी आधीचं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. सगळं. मनीषा ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मला आठवतंय मामा. त्या दिवशी आई जेवली नव्हती. आम्हाला म्हणाली, पोट दुखतंय."

मग तिने मला मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. खिडकीशी टेबल. त्यावर दुरुस्तीला आलेल्या चार-पाच वस्तू, आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, अक्कांच्या गोल अक्षरात. "ह्यांचं काय करू?" मनीषाने विचारलं. "लोक मागायला येत नाहीत. संकोचतात." मी एक चिठ्ठी वाचली. 'वामनतात्या. रेडिओ. खरखर हाय. तात्यास्नी दिसत न्हाय, रेडिओच ऐकत्यात. आधी करने.'

मी खुर्ची ओढून बसलो. रेडिओची पाठ उघडीच होती. आतल्या तुटलेल्या तारेला नवा डाग लावलेला होता, स्वच्छ, बारीक. काम झालेलं होतं. फक्त झाकण लावायचं राहिलं होतं. चार स्क्रू एका वाटीत काढून ठेवलेले. मी झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि बटण फिरवलं. पुण्याच्या बातम्या लागल्या, स्पष्ट. मनीषा दाराला टेकून उभी होती. बातम्या संपेपर्यंत आम्ही दोघंही ऐकत राहिलो. मग मी रेडिओ काखेत घेतला आणि तिला विचारलं, तात्यांचं घर कुठल्या बाजूला आहे.